पार्व्होने पिल्लू गेलं, मांजर मात्र ठणठणीत. असं कसं?

वर्तकनगरची_मेघा | १८ जुलै, रात्री ११:१०

आषाढीच्या आदल्या दिवशी नाक्यावरच्या वडापावच्या गाडीखाली कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. धो धो पाऊस, आणि हे तेलाच्या डब्यामागे अंग चोरून बसलेलं. महिन्या-दीड महिन्याचं असेल. घरी आणलं, नाव ठेवलं पाव. चार दिवस मजेत होता, माझ्या चपलेचा अंगठा खाऊन झाला त्याचा.

नऊ तारखेला सकाळी पिवळा फेस ओकला, संध्याकाळी रक्ताचे जुलाब. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. डॉक्टरांनी किट टेस्ट केली, दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यावर उठणारा विषाणू. मग तीन दिवस सलाईन. बाटली पडद्याच्या रॉडला टांगलेली आणि सुई निघू नये म्हणून मी रात्रभर त्याचा पाय धरून बसलेली. मध्ये मध्ये सिरिंजने ओआरएसचं पाणी पाजत होते, त्यात एकदा त्याचा दुधाचा दात माझ्या बोटाला लागला, तेवढीच काय ती ताकद उरली होती. बारा तारखेला पहाटे गेला.

आता प्रश्न. घरात चार वर्षांची मांजर आहे, काकू. ती पहिले दोन दिवस पावच्याच चटईवर झोपत होती. तिला काही झालं नाही. माझे हात कोपरापर्यंत त्या घाणीत होते, मलाही काही नाही. डॉक्टर म्हणाले, "तो कुत्र्यांचाच आजार." पण हे विषाणूला कोण सांगतं? समोर कुत्रा आहे की मांजर, हे त्याला कळतं कसं?

आणि सासूबाईंचं म्हणणं, गाईचं दूध बाधलं. ते डोक्यातून जात नाहीये. दूध मीच पाजलं होतं.

घर तीन वेळा फिनेलने पुसलंय. दुसरं पिल्लू कधी आणता येईल, हेही सांगा. लगेच नकोय. पण सांगा.

तलावपाळीचा_भुत्या | १८ जुलै, रात्री ११:२४

वाईट झालं. आमचा शेरू असाच गेला होता, २०१६ साली. तेव्हा सगळे नुसतं "गॅस्ट्रो झाला" म्हणायचे.

टमटम_कळवा | १८ जुलै, रात्री ११:३१

मेघाताई, सांत्वन मनापासून. पण "काकू पावच्याच चटईवर झोपत होती" हे वाक्य मी तीन वेळा वाचलं.

पेट्री_डिश | १९ जुलै, रात्री १२:०५

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

आधी दुधाचं. दुधाने पोट बिघडतं, किट टेस्टवर दोन रेघा उमटत नाहीत. शिवाय पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. तुमच्याकडे आल्यावर चौथ्या दिवशी आजारी पडला, म्हणजे बहुतेक येतानाच घेऊन आला होता. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता खरा प्रश्न. विषाणूला डोळे नाहीत, नाक नाही, पाय नाहीत. तो काहीच ओळखत नाही. तो नुसता आदळत राहतो, कोट्यवधींच्या संख्येने, भिंतीवर, चटईवर, जिभेवर, आतड्यावर. पेशीच्या अंगावर तिच्या स्वतःच्या कामासाठी ठेवलेली प्रथिनं असतात, साखरेच्या साखळ्या असतात. त्यातल्या एखादीवर विषाणूच्या कवचाचा उंचवटा नेमका बसला तर तो चिकटतो, नाहीतर वाहून जातो. ज्यावर चिकटतो त्याला ग्राही म्हणतात. पार्व्होसाठी तो ट्रान्सफेरिनचा ग्राही. रक्तातून लोह वाहून आणणारं प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन. पेशीला लोह हवं असतं, म्हणून ती या ग्राहीला धरून आलेलं सामान स्वतःच आत ओढते, आणि पार्व्हो त्या सामानाबरोबर आत. सकाळी साडेआठच्या फास्टला ठाण्याला आपण चढतो का? आपण दारासमोर उभं राहायचं, आत नेणारे मागे असतात. तसंच.

आत गेल्यावरही तो एका पिशवीत असतो. ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते, कवच थोडं उसवतं, त्यातून एक विकर (एन्झाइम) बाहेर डोकावतं आणि पिशवीला भोक पाडतं. मग केंद्रक. तिथे जाऊन हा गृहस्थ वाट बघत बसतो, कारण याचा सगळा संसार डीएनएच्या सुमारे ५,००० अक्षरांचा, आणि डीएनएची नक्कल काढायचं यंत्र त्यात नाही. पेशी स्वतः दोन व्हायला निघाली की ती ते यंत्र बाहेर काढते, तेव्हा हा आपलं काम उरकून घेतो. म्हणून सतत विभागणाऱ्या पेशींमध्येच त्याचं फावतं. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, त्याच्या मुळाशी असलेल्या पेशी, आणि हाडातला मगज. पावला रक्ताचे जुलाब त्यामुळे. अस्तर झडत गेलं, खालून नवं येईना. आणि मगज बसला की पांढऱ्या पेशीही तळाला जातात, लढायला कोण उरणार?

मांजराच्या पेशीवर ही किल्ली बसत नाही, म्हणून काकू वाचली. कुलूप वेगळं.

तलावपाळीचा_भुत्या | १९ जुलै, रात्री १२:१९

साडेआठची फास्ट. दंडवत.

सेक्टर१७_सेक्रेटरी | १९ जुलै, सकाळी ७:०२

सगळं खरं, पण मूळ कारण कुणी बोलणार नाही. आमच्या वाशीच्या सोसायटीत गेटवर रोज दूध-पोळी घालणारे तीन जण आहेत. पिल्लं वाढतात, आजार वाढतात, सफाईवाल्याने काय करायचं?

शरयू_नेरूळ | १९ जुलै, सकाळी ७:४०

सेक्रेटरीसाहेब, खायला घालणारेच वर्गणी काढून लसही देतात. तुमच्या सोसायटीने किती दिली?

सेक्टर१७_सेक्रेटरी | १९ जुलै, सकाळी ७:४४

विषय भरकटवू नका.

टमटम_कळवा | १९ जुलै, सकाळी ७:४६

😂 भरकटवला कुणी?

ढोरडॉक्टर | १९ जुलै, सकाळी ८:१५

मी मुरबाड-शहापूर पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर आहे. पार्व्होवर नंतर बोलू. धाग्यावर कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

मेघाताई, तुमच्या बोटाला दात लागला. रक्त आलं होतं का? पिल्लू रस्त्यावरचं, लस नाही, आईचा पत्ता नाही, आणि दात लागल्यापासून दोन दिवसांत मेलं. चावल्यावर कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणतात, ते कुत्रा जिवंत असेल तर. इथे तो रस्ताच बंद. पार्व्होची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे रेबीज नव्हताच, असं होत नाही. शक्यता कमी आहे, पण या आजारात कमी शक्यतेवर कुणी जुगार खेळत नाही. नऊ दिवस झाले म्हणून उशीर झाला असंही नाही. आज शनिवार आहे, दुपारच्या आत पालिकेच्या रुग्णालयात जा आणि हीच हकिगत जशीच्या तशी सांगा.

वर्तकनगरची_मेघा | १९ जुलै, सकाळी ८:२२

रक्ताचा एक थेंब आला होता. नळाखाली धरलं आणि विसरले. निघतेय.

पेट्री_डिश | १९ जुलै, सकाळी ८:३०

डॉक्टर, लाज वाटली. मी रात्री एवढं लांबलचक लिहिलं आणि ती ओळ डोळ्यांसमोरून गेली.

ठाणेकर_आजोबा | १९ जुलै, सकाळी ९:०५

मला नवव्या वर्षी कुत्रा चावला, तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. रोज एक. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. वडील सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि परत येताना उसाचा रस पाजायचे. चौदा दिवस चौदा ग्लास. अजून उसाचा रस बघितला की पोटात गोळा येतो. ती लस आपल्याकडे २००४-०५च्या सुमारास बंद झाली असं वाचलं. आताच्या पोरांना दंडावर टोचतात, तरी जायला कंटाळा.

ढोरडॉक्टर | १९ जुलै, दुपारी १:५०

आजोबा, तुमच्या चौदा ग्लासांना सलाम.

रेबीज कसा शिरतो ते सांगतो, म्हणजे साबणाचं महत्त्व पटेल. कुत्र्याच्या लाळेतला विषाणू जखमेतून मांसात जातो. तिथे मज्जातंतूचं टोक स्नायूला टेकलेलं असतं आणि त्या सांध्यावर, स्नायूला इशारा मिळावा म्हणून, असिटिलकोलीनचे ग्राही दाटीने असतात. रेबीज त्यांना चिकटतो आणि संधी मिळाली की मज्जातंतूच्या टोकात जातो. मज्जातंतूच्या आत मेंदूकडे सामान नेणारी वाहतूक चालूच असते, त्यावर स्वार होतो. रोज काही सेंटिमीटर. म्हणून पायाला चावलं तर वेळ जास्त मिळतो, तोंडाला चावलं तर कमी. बहुतेकांना लक्षणं दिसायला दोन-तीन महिने लागतात.

आपली सगळी धडपड तो तंतूत शिरायच्या आधीची. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. रेबीजच्या कवचाबाहेर चरबीचं पातळ वेष्टण असतं, साबणाने ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. रक्त आलं असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचतात, म्हणजे तयार अँटीबॉडी, कारण लसीने शरीर स्वतःच्या अँटीबॉडी बनवेपर्यंत दिवस जातात. एकदा मेंदूत पोचला की मग हातात काही राहत नाही.

हळद, मिरची, चुना, तंबाखू यातलं काही जखमेवर लावू नका. मुरबाडला अजून मिरची लावून आलेली माणसं बघतो. माझ्याकडे येतात, कारण चावणारा कुत्रा जनावर म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडे.

वर्तकनगरची_मेघा | १९ जुलै, दुपारी ३:१५

घेतलं. बोटात इम्युनोग्लोब्युलिन टोचताना तारे दिसले, बोटाच्या टोकाला मांस असतंच किती. लस दोन्ही दंडांवर. पुढच्या तारखा २२, २६ आणि १६ ऑगस्ट. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कुत्रा जिवंत आहे का?" मी नाही म्हटलं आणि तिथेच रडू आलं. त्या काही बोलल्या नाहीत, कार्ड दोन मिनिटं उशिरा दिलं.

डॉक्टर, आभार कसे मानू कळत नाही.

टमटम_कळवा | १९ जुलै, दुपारी ३:२०

१६ ऑगस्ट म्हणजे दहीहंडी. आणि तुम्ही वर्तकनगरला. हंडी फोडण्यापेक्षा त्या दिवशी तुमच्या गल्लीतून बाहेर पडणं कठीण. सकाळी सातलाच निघा.

खाजणातला | १९ जुलै, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडे उरण बाजूला खाजणात कोलंबी आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. कोलंबीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, तोही विषाणूच. सकाळी बघाल तर दोन-चार कोलंब्या काठाला येऊन सुस्त पडलेल्या, डोक्याची कवटी उजेडात धरली की आत पांढरे टिकल्यासारखे डाग. बघितलं की पोटात धस्स होतं, कारण आठवडा-दहा दिवसांत अख्खं तळं साफ होऊ शकतं. आमच्या चुलत्याचं झालंय.

तिथे शिरकाव कसा? कोलंबीच कोलंबीला खाते. मेलेली पहिली दिसली की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात आणि विषाणू पोटात. कल्ल्यांमधूनही जातो. आणि आणतो कोण? खेकडा. खेकड्याच्या अंगात तो असतो आणि खेकडा मजेत. भरतीला उघाडीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, फळ्यांतून एक चिंबोरी आत आली तरी पुरे. आम्ही उघाडीला बारीक जाळी आणि बांधावर खेकड्यांसाठी कुंपण लावतो. लस नाहीच, कारण कोलंबीत आपल्यासारख्या अँटीबॉडीच बनत नाहीत.

तर मेघाताई, एकच विषाणू, एकाचा जीव घेतो आणि दुसऱ्याच्या अंगावर नुसता फिरतो. तुमच्या काकूवर लक्ष ठेवा, एवढंच म्हणतो.

पेट्री_डिश | १९ जुलै, संध्याकाळी ६:५२

कोलंबीचं मी वर्गात शिकवते, पण उघाडीची जाळी कधी मनात आली नव्हती. पुढच्या वर्षी मुलांना तुमच्या खाजणावर आणू का?

खाजणातला | १९ जुलै, संध्याकाळी ६:५५

आणा. पण आधी बूट धुवायचे. 😄

ढोरडॉक्टर | १९ जुलै, रात्री ९:४०

खाजणवाले बरोबर बोलले, आणि पेट्री_डिश मॅडमना इथे थोडी दुरुस्ती. मांजराला पार्व्हो होत नाही, असं नाही. उलट हा विषाणू मांजराकडचाच.

१९७८च्या आधी कुत्र्यांचा हा आजार कुणाला माहीत नव्हता. त्या वर्षी अचानक जगभर पिल्लं पटापट मरू लागली. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया, पांढऱ्या पेशी घटवणारा आजार, मात्र कितीतरी आधीपासून ठाऊक होता आणि त्याचा विषाणू याचा सख्खा भाऊ. मांजराच्या विषाणूला कुत्र्याचा ट्रान्सफेरिन ग्राही धरता येत नव्हता, कारण कुत्र्याच्या ग्राहीवर साखरेची एक जादा साखळी मध्ये आडवी येते. कवचाच्या प्रथिनात मोजकी अमिनो आम्लं बदलली आणि अडसर गेला. गंमत अशी की कुत्र्यात आलेल्या पहिल्या वाणाने मांजराला लागण करायची कला गमावली होती, पण एक-दोन वर्षांतच नवा वाण आला, त्याने ती परत मिळवली. आज रस्त्यावर फिरतात ते सगळे या नव्या वाणाचे वंशज. म्हणजे तुमच्या काकूला होऊ शकतो.

मग झाला का नाही? तिला लहानपणी लस दिली होती का? मांजराच्या नेहमीच्या लसीत पॅनल्यूकोपेनिया असतो, तो बहुतांशी याच्यापासूनही वाचवतो.

वर्तकनगरची_मेघा | १९ जुलै, रात्री ९:५८

दिली होती! तीन महिन्यांची असताना आणि नंतर वर्षाने एकदा. पुस्तिका सापडली, टीव्हीच्या कपाटात वॉरंटी कार्डांखाली.

टमटम_कळवा | १९ जुलै, रात्री १०:०१

काकूंचं लसीकरण पूर्ण. सर्वांनी नोंद घ्यावी.

पेट्री_डिश | २० जुलै, सकाळी १०:३०

डॉक्टर, कान पकडले. "कुलूप वेगळं" म्हणून मी मोकळी झाले होते. काल रात्री जुने कागद काढून बसले, तर माझ्या किल्लीच्या उपमेचा आणखी बोऱ्या वाजला. २००१ सालीच प्रयोगशाळेत दाखवलंय की हा विषाणू माणसाचा ट्रान्सफेरिन ग्राहीसुद्धा धरतो, त्यावरून माणसाच्या पेशीत शिरतो आणि पेशीला संसर्गही करतो. म्हणजे मेघाताई, किल्ली तुमच्या दारालाही बसते! तरीही कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. माणसांचा पार्व्हो आहे, बी१९, लहान मुलांचे गाल लाल करणारा, पण तो वेगळा विषाणू आणि तो लाल पेशींच्या जनक पेशींवर दुसऱ्याच ग्राहीने चढतो.

तर दार उघडणं ही फक्त पहिली पायरी. ताटलीतल्या एकट्या पेशीला लागण होणं वेगळं आणि अख्ख्या जिवंत माणसाला होणं वेगळं. घशात-आतड्यात बुळबुळीत थर आहे, पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा आहे, तिथून पुढे भरपूर पिल्लावळ काढून दुसऱ्यापर्यंत पोचायला हवं. मध्ये कुठेही गाडी अडकली की संपलं. मी मुलांना इतकी वर्षं कुलूप-किल्ली सांगून पुढच्या धड्याला जातेय.

शरयू_नेरूळ | २० जुलै, सकाळी ११:१५

विभागणाऱ्या पेशींचं वाचलं आणि आमच्या डुलकीचा उलगडा झाला. मांजरी आहे, सहा वर्षांची. चालताना चारही पाय फाकवते आणि दारू प्यायल्यासारखी डोलते. वाटीपाशी गेली की आधी नाक वाटीच्या कडेवर आपटतं, मग अंदाज घेऊन दुसऱ्यांदा दुधात. उडी मारायची तर तीनदा मान हलवून मोजमाप घेते आणि तरी सोफ्याखाली पडते. बाकी तब्येत ठणठणीत, आवाज तर विचारू नका. डॉक्टर म्हणाले होते, आई गरोदर असताना तिला पॅनल्यूकोपेनिया झाला असणार. पोटातल्या पिल्लाचा लहान मेंदू नीट वाढलाच नाही. मी तेव्हा नुसतं हो म्हटलं, आज कळलं का ते.

ढोरडॉक्टर | २० जुलै, दुपारी २:१०

शरयूताई, अगदी तेच. मांजराच्या पिल्लाचा लहान मेंदू जन्माच्या आसपास भराभर वाढत असतो, त्याच पेशी विषाणूच्या तावडीत सापडतात. कुत्र्याच्या पिल्लात त्या वयात हृदयाच्या पेशी वाढत असतात, म्हणून फार कोवळ्या वयात लागण झाली तर हृदय जातं. एकाच घराण्याचे विषाणू, पण त्या घडीला जिथे बांधकाम चालू तिथे घाव. डुलकीला जिना आणि गॅलरी बंद ठेवा, बाकी ती तुम्हाला पुरून उरेल.

घोडबंदरवाला | २० जुलै, दुपारी ४:४५

अवांतर. २०२१च्या जानेवारीत आमच्या बाजूला बगळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. तेव्हा महिनाभर घरात चिकन बंद. मग पक्ष्यांचा आजार माणसाला होतो का नाही, एकदाचं सांगून टाका. श्रावण तोंडावर आलाय, मला त्याआधी निर्णय घ्यायचाय.

ढोरडॉक्टर | २० जुलै, रात्री ८:२०

निर्णय खायच्या बाजूने घ्या. नीट शिजलेल्या चिकनने होत नाही, ७० अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही.

फ्लूचा विषाणू सियालिक आम्ल नावाच्या साखरेवर चिकटतो. ही साखर दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यात एक तऱ्हा, आपल्या नाका-घशात बहुतेक दुसरी. पक्ष्यांवाली आपल्यात फुप्फुसाच्या तळाशी आहे, म्हणून दिवसरात्र कोंबड्यांत राहणाऱ्याला क्वचित होतो, पण माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही.

चिकटून भागत नाही. फ्लूच्या अंगावरचं हे चिकटणारं प्रथिन आधी एका जागी कापलं जावं लागतं, तरच ते पुढे पेशीच्या पटलात घुसतं. साध्या वाणाचं प्रथिन कापणारी कात्री फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात. घातक वाणात कापायच्या जागी असा बदल झालेला असतो की शरीरातल्या कुठल्याही पेशीची कात्री चालते. मग मेंदू, यकृत, हृदय, सगळीकडे. २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा किलोमीटरभराच्या परिघातल्या कोंबड्या मारायच्या होत्या. त्या दिवसांत मी पीपीई किट घालून पोत्यांची तोंडं बांधली आहेत. संध्याकाळी गरम कोंबड्यांचा वास नाकातून जाईना. मालकाची लहान मुलगी विचारत होती, "माझी तुरेवाली पण आजारी आहे का?" तिची तुरेवाली ठणठणीत दिसत होती.

आणि काकू, डुलकी या मंडळींसाठी: २०२४च्या डिसेंबरात नागपूरला गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, त्यांच्यात हाच बर्ड फ्लू, एच५एन१, सापडला. मांजरकुळाला तो जड जातो. मांजराला कच्चं चिकन देऊ नका, उकडून द्या.

वर्तकनगरची_मेघा | २० जुलै, रात्री ८:४१

काकूला कच्ची कलेजी आवडते. आजपासून बंद. ती माझ्याशी बोलणार नाही.

सेक्टर१७_सेक्रेटरी | २१ जुलै, सकाळी ७:१५

डॉक्टरांना विचारतो. सोसायटीतल्या आठ कुत्र्यांना रेबीजची लस द्यायची तर व्यवस्था कशी करतात? कमिटीत विषय मांडतो. शरयूताईंनी टोमणा मारला म्हणून नाही.

शरयू_नेरूळ | २१ जुलै, सकाळी ७:३०

😊 मी येते. पकडायला माणसं लागतील, मी दोन आणते.

वर्तकनगरची_मेघा | २६ जुलै, दुपारी १२:४०

तिसरा डोस झाला. माझा शेवटचा प्रश्न राहिलाच, फिनेलने घर स्वच्छ झालं का?

ढोरडॉक्टर | २६ जुलै, रात्री ९:००

नाही. रेबीजला चरबीचं वेष्टण आहे म्हणून साबणाने मरतो. पार्व्होला वेष्टणच नाही, नुसतं प्रथिनाचं टणक कवच. साबण, सॅनिटायझर, फिनेल, कशालाही तो बधत नाही. सावलीतल्या मातीत, फटींत महिनोन्महिने राहतो. शिवाय फिनॉलवाली जंतुनाशकं मांजरांना विषारी, काकू पंजे चाटते, तेव्हा फिनेल बंदच करा.

त्याला घरगुती ब्लीच लागतं, ज्याला दवाखान्यात हायपो म्हणतात. आधी साबणाने घासून घाण काढा, घाणीवर ब्लीचचा जोर वाया जातो. मग एक भाग ब्लीच, साधारण तीस भाग पाणी, फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. खिडक्या उघड्या, काकू दुसऱ्या खोलीत. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. चटई, उशी, कापडी खेळणी टाका.

नवं पिल्लू आणायचंच तर लसींचा कोर्स पूर्ण झालेलं आणा. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एवढ्या वेळा का, तर आईच्या पहिल्या दुधातल्या अँटीबॉडी पिल्लात काही काळ राहतात आणि लसीलाच मारून टाकतात. त्या कधी संपतील ते प्रत्येकाचं वेगळं. मध्ये असे काही दिवस येतात की त्या रोगाला पुरत नाहीत, पण लसीला मात्र पुरून उरतात. पाव बहुधा त्याच दिवसांत सापडला. तुम्ही पहिल्याच दिवशी लस दिली असती तरी फारसं काही बदललं नसतं.

वर्तकनगरची_मेघा | १६ ऑगस्ट, रात्री १०:५०

शेवटचा डोस झाला. सकाळी सातला निघूनही येताना नाक्यावर दीड तास अडकले. थर लागत होते, दंड दुखत होता, कुणीतरी वरून पाणी ओतलं.

चटई टाकली. फरशी दोनदा ब्लीच केली, सोफ्याच्या एका पायाचा रंग उडाला. आज वडापाववाल्याने हाक मारली, गाडीखाली आणखी एक आहे म्हणाला, पावचीच बहीण असावी. ही वाचली कशी कुणास ठाऊक. घरी आणलेली नाही. पंपाच्या खोलीत खोक्यात ठेवलीय, वॉचमनने हो म्हटलं. सोमवारी पहिली लस. हिचं नाव अजून ठेवलं नाही.

टमटम_कळवा | १६ ऑगस्ट, रात्री १०:५४

चटणी.

ढोरडॉक्टर | १६ ऑगस्ट, रात्री ११:३०

तिच्याकडून आलात की कपडे बदलून मगच काकूकडे. आणि सोळा आठवड्यांचा शेवटचा डोस चुकवू नका, सगळे तोच विसरतात. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वर्तकनगरची_मेघा | १६ ऑगस्ट, रात्री ११:३६

लिहिलं. दूधवाल्याच्या खाड्यांच्या बाजूला, लाल पेनाने: चटणी, शेवटची.